जास्वंद: देव्हाऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत

जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं आणि बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी मिटून जातं. झेंडू, शेवंती, निशिगंध ही फुलं शेतातून निघतात, टेम्पोत बसून शहरात येतात, हारवाल्याच्या टोपलीत दोन दिवस काढतात आणि तरी तजेलदार दिसतात. जास्वंदीला एवढा प्रवास झेपत नाही. तिच्या पाकळ्या पातळ आणि रसाळ. जराशा दाबल्या गेल्या की काळ्या पडतात. म्हणून बाजारात ती बरेचदा कळीच्या रूपात येते. संध्याकाळी तोडलेली टपोरी कळी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, की दुसऱ्या दिवशी ती पाण्यात न ठेवताही पूर्ण उमलते. गणेशोत्सवात या कळ्यांचा भाव चढतो आणि ज्यांच्या दारात झाड आहे, त्यांच्या कुंपणापाशी पहाटेच शेजाऱ्यापाजाऱ्यांची वर्दळ सुरू होते.

गणपतीला लाल जास्वंद, बंगालात कालीला जबा. देवापुढची तिची जागा पक्की आहे. ताटातली जागा मात्र महाराष्ट्रात फारशा घरांनी तिला दिलेली नाही. याउलट किनारी कर्नाटकात तिच्या पानांचा डोसा होतो, फुलांची तंबुळी होते. तमिळ घरांत फुलांचं रसम उकळतं. फूल तेच, झाडही तेच.

हे फूल खायचं असेल, तर ते घरीच लावावं लागतं. एका दिवसात मिटणारं फूल भाजीवाल्याकडे ताजं मिळणं कठीण, आणि फुलबाजारातली फुलं पूजेसाठी पिकवलेली असतात. ती कुणी खाईल, हे धरून त्यांच्यावर फवारणी झालेली नसते. त्यामुळे जास्वंदीचं सरबत सुरू होतं ते कुंडीतल्या मातीपासून. आणि एकदा खाण्यासाठी झाड लावायचं ठरलं, की त्याला काय घालायचं आणि काय अजिबात घालायचं नाही, हेही ठरून जातं.

भेंडीची बहीण

भेंडीचं फूल ज्यांनी निरखून पाहिलं आहे, त्यांना जास्वंदीची ओळख करून द्यावी लागत नाही. पाच पाकळ्या, मधोमध एक दांडा, दांड्याला चिकटलेले परागकण. भेंडी, कापूस, अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या. भेंडी चिरताना हाताला लागणारा बुळबुळीतपणा जास्वंदीच्या पानांत आणि फुलांतही असतो, आणि स्वयंपाकात तो फार कामाला येतो.

कार्ल लिनिअस यांनी १७५३ साली या झाडाला शास्त्रीय नाव दिलं ते हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. आपल्याकडच्या गावठी लाल जास्वंदीला बी सहसा धरतच नाही. माणसानं एका दारातून दुसऱ्या दारात फांदी नेली, तशी ती पसरली. आज ती उष्ण प्रदेशांत सगळीकडे आहे. मलेशियानं १९६० साली तिला राष्ट्रीय फुलाचा मान दिला.

रोपवाटिकेत गेलं की एवढे प्रकार दिसतात की माणूस गोंधळून जातो. पाकळ्यांना झालरी असलेली, झुंबरासारखी खाली लोंबणारी जास्वंद पूर्व आफ्रिकेतली. सकाळी पांढरी, दुपारी गुलाबी आणि संध्याकाळी लालसर होणारी जास्वंद आणखी वेगळी. कधीच पुरती न उमलणारी मिरची जास्वंद तर या वंशातलीही नाही, फक्त कुळातली. त्याशिवाय मोठमोठ्या फुलांचे, दोन-तीन रंग एकात असलेले संकरित प्रकार असतात. ‘पुणे व्हरायटी’ या नावानं ते देशभर विकले जातात आणि बहुतेक कलमी असतात. बाल्कनीची शोभा त्यांनी वाढते यात शंका नाही. पण ते नाजूक असतात, कीड लवकर पकडतात आणि विक्रीला येईपर्यंत त्यांच्यावर बरीच औषधं मारलेली असतात.

स्वयंपाकासाठी निवड सोपी आहे: एकेरी पाकळीची, गडद लाल, गावठी जास्वंद. तिला रंग भरपूर, ती काटक, आणि फुलंही सातत्यानं देते. दुहेरी पाकळीची लालही चालते, मात्र तिच्या घड्यांत मुंग्या आणि बारीक किडे दडून बसतात, ते निवडायला वेळ लागतो.

फांदी लावण्याचे दिवस

गावठी जास्वंद विकत आणण्याची गरजच नसते. ओळखीतल्या घरी फवारणी न झालेलं झाड असेल, तर तिथली एक फांदी पुरते. पावसाळ्याचे सुरुवातीचे दिवस याला उत्तम, कारण हवेत ओल असते आणि फांदी सुकत नाही. पेन्सिलीएवढी जाड, ना फार कोवळी ना फार जून, अशी सहा ते आठ इंचांची फांदी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. शेंड्याकडची दोन पानं ठेवून बाकीची काढून टाकावीत. तीही मोठी असतील तर अर्धी कापावीत. पान जितकं मोठं तितकं पाणी जास्त उडतं, आणि मुळं नसलेल्या फांदीला ते भरून काढता येत नाही. वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात फांदी खोचावी, सावलीत ठेवावी, माती ओलसर राखावी. साधारण महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात. नवी पालवी दिसली म्हणून लगेच फांदी उपटून पाहण्याचा मोह टाळावा. पालवी साठवलेल्या अन्नावरही फुटते, मुळं त्यामागून येतात.

कायमच्या कुंडीचा व्यास बारा ते चौदा इंच हवा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट किंवा जाडसर वाळू, एवढं मिश्रण पुरतं. तळाचं भोक मोकळं आहे ना, हे आधी पाहावं. जास्वंदीला पाणी लागतं, साचलेलं पाणी मात्र चालत नाही. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवावी.

माती कुठली, यानंही फरक पडतो. कोकण-गोव्यातली जांभ्याची लाल माती किंचित आम्लधर्मी असते. तिथे जास्वंद कुंपणालाही बिनबोभाट वाढते. देशावरची काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी आणि पाणी धरून ठेवणारी. तिच्यात लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरचं जड पाणी घातलं की हे वाढतं. अशा वेळी पान पिवळं म्हणून नुसता युरिया टाकून उपयोग नसतो. काळी माती कमी करून सेंद्रिय खत वाढवणं आणि गरज पडल्यास चिलेटेड लोह देणं, हा त्यावरचा उपाय.

ऊन रोज किमान पाच-सहा तास लागतं. ऊन कमी पडलं तर झाड हिरवंगार दिसतं, उंच होतं आणि फुलत नाही. खताचंही तसंच. नत्र जास्त झालं की पानंच पानं. गुलाबाला हाडांचा चुरा मानवतो म्हणून लोक जास्वंदीलाही तो घालतात, पण जास्वंदीला स्फुरद कमी आणि पालाश जास्त लागतं. दर पंधरवड्याला ओंजळभर गांडूळखत आणि अधूनमधून केळीच्या सालींचं खत, एवढ्यावर घरचं झाड खूश राहतं. लाकडाची राख अल्कधर्मी असते. देशावरच्या मातीत ती चिमूटभरच बरी.

जास्वंदीला फुलं येतात ती नव्या फुटीवर. त्यामुळे छाटणीला घाबरून चालत नाही. थंडी सरता सरता झाड एक-तृतीयांशानं कमी करावं. नंतर फक्त शेंडे खुडायचे, म्हणजे एका फांदीच्या दोन-तीन होतात. छाटलेल्या फांदीला फूट येऊन, ती वाढून, तिच्यावर कळी धरायला दोन-अडीच महिने सहज जातात. गणपतीत फुलं हवी असतील, तर शेवटची छाटणी जूनच्या सुरुवातीलाच उरकावी.

कळ्या गळतात, ही जवळजवळ प्रत्येकाची तक्रार. कारणं बहुतेक वेळा साधी असतात. एक दिवस पाणी चुकलं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलं, कळ्या लागलेली कुंडी इकडून तिकडे हलवली, एप्रिल-मेचं ऊन फार तापलं, किंवा कळीत बारीक फुलकिडे शिरले. फुलकिड्यांचा संशय असेल तर गळलेली कळी उभी चिरून पांढऱ्या कागदावर झटकावी. किडे असतील तर सुईच्या टोकाएवढे हलणारे ठिपके दिसतात. मग झाडावरच्या बाधित कळ्या काढून बंद पिशवीत टाकाव्यात, खाली मातीत पडू देऊ नयेत.

पांढरा कापूस आणि त्यातला मित्र

जास्वंदीचा खरा वैरी म्हणजे पिठ्या ढेकूण. बागकाम करणारे त्याला सर्रास मिलीबग म्हणतात. कोवळ्या शेंड्याच्या बेचक्यात आधी कापसाचा बारीकसा ठिपका दिसतो. आठवड्याभरात शेंडा आखडतो, पानं चुरगळतात, कळ्या धरत नाहीत. हे किडे रस शोषतात आणि गोड चिकट द्रव बाहेर टाकतात. त्या गोडीसाठी मुंग्या येतात, किड्यांची राखण करतात, त्यांना एका फांदीवरून दुसरीवर पोचवतातही. चिकट पानांवर मग काळी बुरशी चढते. खोडावर मुंग्यांची रांग दिसू लागली, की शेंडे तपासायची वेळ झाली असं समजावं.

पहिला उपाय पाण्याचा. नळीचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूनं मारला की बरेच किडे धुऊन जातात. उरलेले जुन्या टूथब्रशनं काढावेत, फारच आखडलेला शेंडा कापून टाकावा. त्यानं भागलं नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरते द्रवरूप साबणाचे थेंब घालून, ऊन उतरल्यावर फवारावं. फवारणीनंतरच्या तीन-चार दिवसांची फुलं खायला घेऊ नयेत, देवाला वाहावीत.

फवारण्याआधी एकदा डोळ्यांवर चष्मा चढवून नीट पाहावं, कारण त्या पांढऱ्या कापसात मित्रही असू शकतो. क्रिप्टोलिमस नावाचा एक ढालकिडा आहे, मूळचा ऑस्ट्रेलियातला. कीड आवरण्यासाठी १८९८ साली तो भारतात आणला गेला. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर तो आजही सोडला जातो. मोठा झालेला किडा काळपट, डोक्याकडे नारिंगी. त्याची अळी मात्र दिसायला हुबेहूब मिलीबगसारखी: अंगभर पांढऱ्या मेणाचे धागे. फरक ओळखता येतो तो चालीवरून आणि आकारावरून. मिलीबग जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल, आणि असतो तीन-चार मिलिमीटरचा. ही अळी त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, भराभर चालणारी, आणि मिलीबगची अंडी-पिल्लं फस्त करणारी. ती दिसली तर बाटली खाली ठेवावी आणि तिला तिचं काम करू द्यावं.

रासायनिक औषधांबाबत मात्र तडजोड नको. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशकं झाडाच्या रसात भिनतात. पान, कळी, पाकळी सगळीकडे पोचतात आणि धुऊन जात नाहीत. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाला काय दिलं गेलं आहे हे कळायला मार्ग नसतो. म्हणून विकतच्या झाडाची फुलं निदान पहिले सहा महिने तरी स्वयंपाकात घेऊ नयेत. घरी फांदीपासून वाढवलेल्या झाडाला हा प्रश्न येत नाही.

पाण्यातला रंग

फुलं सकाळी, दव ओसरल्यावर तोडावीत. देठ, त्याला लागून असलेला हिरवा पेला आणि मधला परागदांडा काढून टाकला की हाती उरतात पाच पाकळ्या. परागकणांची काहींना अ‍ॅलर्जी असते, म्हणून दांडा काढणं महत्त्वाचं. पाकळ्या पाण्यात हलक्या हातानं दोनदा बुडवून काढाव्यात. चोळल्या तर रंग हातालाच जातो.

फुलं गोळा करताना एक पथ्य कडकपणे पाळावं. पूजेच्या परडीत जास्वंदीशेजारी कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हमखास असते. ही दोन्ही झाडं पानाफुलांसकट विषारी आहेत. खायची फुलं त्या परडीत ठेवू नयेत, त्या पाण्यात धुऊ नयेत, आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांना हा फरक स्पष्ट दाखवावा.

आता सरबत. गावठी लाल जास्वंदीची वीस-पंचवीस फुलं, अर्धा लिटर पाणी, दीड वाटी साखर, दोन लिंबं. पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळून गॅस बंद करावा, मग पाकळ्या टाकून झाकण ठेवावं. दहा मिनिटांनी झाकण काढलं की पाकळ्या फिकट, राखाडी झालेल्या दिसतात आणि पाणी गडद जांभळं. हे पाणी दिसायला काही फार मोहक नसतं. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, बिघडलं. ते गाळून, साखर विरघळवून, पूर्ण गार करावं आणि मग लिंबू पिळावं. लिंबाचा रस जिथे पडतो तिथून रंग पसरत जातो, आणि दोन वेळा ढवळेपर्यंत सगळं पातेलं माणकासारखं लाल होतं.

ही करामत अँथोसायनिन या रंगद्रव्याची. आम्लात ते लाल-किरमिजी होतं, अल्कात हिरवट. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात लिटमसच्या जोडीनं जास्वंदीचा दर्शक येतो तो याचसाठी. घरी मुलांना दाखवायचं असेल तर तेच जांभळं पाणी तीन वाट्यांत घ्यावं. एकीत लिंबू, एकीत चिमूटभर खाण्याचा सोडा, एक तशीच. रंग का बिघडतो, याचंही उत्तर यातच आहे. पाणी जड असलं तर अर्क निळसर पडतो. लोखंडाच्या भांड्यात तो काळवंडतो. पाकळ्या खळखळ उकळत ठेवल्या तर रंग मरतो.

तयार अर्क फ्रीजमध्ये आठवडाभर चांगला राहतो. तीन चमचे अर्क, गार पाणी, चिमूटभर मीठ, हवं तर आल्याचा रस. जास्वंदीला स्वतःची चव अगदी सौम्य असते आणि वास जवळजवळ नसतोच. म्हणून वेलदोडा, आलं, पुदिना यांपैकी काहीतरी लागतं. हीच गोष्ट गुलकंदाची. सावलीत दिवसभर पसरून पाणी ओढून गेलेल्या पाकळ्या आणि त्यांच्या दुप्पट वजनाची बारीक खडीसाखर, थरावर थर लावून बरणीत भरायचं आणि पंधरा-वीस दिवस उन्हात ठेवायचं. ओल्या पाकळ्या भरल्या तर आंबतात. जास्वंदीत बुळबुळीत रस असल्यामुळे हा धोका गुलाबापेक्षा जास्त. वासासाठी वेलदोडा किंवा मूठभर गावठी गुलाबाच्या पाकळ्या मिसळाव्यात.

भजी करायची तर बेसनात थोडं तांदळाचं पीठ, ओवा, तिखट, मीठ घालून पीठ पातळसर भिजवावं. पाकळी नाजूक असते, दाट पिठात तिचं अस्तित्वच हरवतं. परागदांडा काढलेलं अख्खं फूल पिठात बुडवून, जादाचं पीठ निथळू देऊन तेलात सोडलं की ते पसरतं आणि कडेनं कुरकुरीत होतं. गरम असतानाच संपवावं, थांबलं की मऊ पडतं. रोजच्या जेवणात याहून सोपं म्हणजे थालीपिठाच्या किंवा पराठ्याच्या पिठात चिरलेल्या पाकळ्या मळणं.

तंबुळी आणि पानांचा डोसा

जास्वंदीशी स्वयंपाकघराचा जुना घरोबा पाहायचा तर किनारी कर्नाटकात पाहावा. तिथे तिला दासवाळ म्हणतात. तंबुळी हा तिथल्या जेवणातला थंड प्रकार, आपल्या सोलकढीच्या जवळचा. आठ-दहा फुलांच्या पाकळ्या चमचाभर तुपात जिरं आणि चार-पाच मिऱ्यांबरोबर मऊ होईपर्यंत परतायच्या, गार करून ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटायच्या आणि ताकात मिसळायच्या. ताक आंबट, त्यामुळे रंग आपोआप गुलाबी येतो. वरून मोहरी आणि सुक्या मिरचीची फोडणी. गरम भाताबरोबर किंवा नुसतीच प्यायची. उकळायची मात्र नाही.

डोसा होतो तो पानांचा. दोन वाट्या तांदूळ आणि चमचाभर मेथ्या चार-पाच तास भिजवून, त्यात पंधरा-वीस कोवळी पानं घालून वाटायचं. या डोशात उडीद डाळ नसली तरी तो मऊ आणि जाळीदार होतो, कारण डाळीतला चिकटपणा जे काम करतो, ते काम पानांतला चिकट रस करतो. पीठ आंबताना सुटणारे हवेचे बुडबुडे तो धरून ठेवतो. रंग फिकट हिरवा, कडा कुरकुरीत. हाच चिकट रस केरळात केस धुण्यासाठी वापरतात; पानं पाण्यात चुरून त्याची ‘ताळी’ करतात आणि शाम्पूसारखी लावतात. महाराष्ट्रात केसांच्या तेलात जास्वंद घालण्याची पद्धत घरोघरी आहेच. उंदरांवरच्या एका अभ्यासात, २००३ साली, केसांच्या वाढीसाठी फुलांपेक्षा पानांचा अर्क अधिक परिणामकारक ठरला होता. माणसांसाठी तेवढ्यावरून दावा करता येत नाही, पण तेल उकळताना दोन फुलांबरोबर चार पानं टाकायला हरकत नाही.

आंबट बहीण: अंबाडी

दुकानात ‘हिबिस्कस टी’ म्हणून मिळणारा गडद लाल, आंबट चहा दारातल्या जास्वंदीचा नसतो. तो असतो लाल अंबाडीचा. तीही हिबिस्कसच, पण वेगळी जात: हिबिस्कस सॅबडॅरिफा. तिचं पिवळसर फूल गळून गेल्यावर बोंडाभोवतीचं लाल, मांसल आवरण भरतं. चहा, सरबत, जेली, चटणी हे सगळं त्या आवरणाचं.

विदर्भ-मराठवाड्याला अंबाडी नवी नाही. अंबाडीचा पाला उकडून, आंबट पाणी थोडं काढून टाकून, तुरीची डाळ आणि कण्या घालून केलेली भाजी, वर लसणाची झणझणीत फोडणी आणि सोबत ज्वारीची भाकरी, हे तिकडचं जेवण. ऋषिपंचमीच्या भाजीतही आंबटपणासाठी अंबाडी पडते. धाग्याच्या अंबाडीचे दोर बैलांच्या साजात वापरले जात. उत्तर कर्नाटकात हाच पाला पुंडी पल्ल्या होतो, आंध्र-तेलंगणात गोंगुरा. बोंडांना जगभर मागणी आहे: सेनेगलमध्ये बिसाप, इजिप्त-सुदानमध्ये कर्कदे, मेक्सिकोत आग्वा दे हमायका, आणि जमैकात नाताळच्या दिवसांत आल्याबरोबर मुरवलेलं सॉरेल. आपल्याकडे मात्र पाला खुडून बोंडं बरेचदा बियांपुरती ठेवली जातात. चांगली आंबट, लाल, वाळवून वर्षभर टिकणारी गोष्ट वाया जाते.

अंबाडीच्या चहावर संशोधनही झालं आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्तदाब किंचित वाढलेल्या ६५ जणांना दोन गटांत विभागलं होतं. रोज तीन कप अंबाडीचा चहा घेणाऱ्या गटाचा वरचा रक्तदाब सहा आठवड्यांत सरासरी सुमारे ७ अंकांनी उतरला. तशाच चवीचं दुसरं पेय घेणाऱ्या गटाचा सुमारे १ अंकानं. अभ्यास छोटा होता आणि तो अंबाडीचा होता, जास्वंदीचा नव्हे. ही दोन नावं एकमेकांत मिसळून जास्वंदीच्या चहाला औषध ठरवणं योग्य नाही.

ज्यांना रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी रोज अंबाडीचा चहा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण दोन्हींचा परिणाम एकत्र होऊ शकतो. जास्वंदीच्या फुलांचा गर्भधारणेवर परिणाम होत असल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे गर्भवतींनी आणि दिवस राहण्याची वाट पाहणाऱ्या स्त्रियांनी ही फुलं आणि त्यांचा काढा टाळावा. इतरांनीही पहिल्यांदा एक-दोन फुलांपासूनच सुरुवात करावी.

चौघांच्या घराला गावठी लाल जास्वंदीच्या दोन-तीन कुंड्या आणि अंबाडीची दोन झाडं पुरतात. अंबाडी बियांपासून येते. जूनमध्ये पहिल्या पावसावर पेरावी, हाताएवढी झाली की शेंडे खुडून भाजीला घ्यावेत. दिवस लहान होऊ लागले की ती फुलते आणि दिवाळीनंतर बोंडं काढणीला येतात. त्याच पावसात खोचलेल्या जास्वंदीच्या फांदीनं तोवर कुंडीत जम बसवलेला असतो, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती फुलू लागते. एका दिवशी वीस फुलं मिळाली नाहीत तरी सरबत अडत नाही. रोजच्या दोन-चार फुलांच्या पाकळ्या सावलीत वाळवून हवाबंद बरणीत साठवाव्यात. वाळलेल्या मूठभर पाकळ्यांचा रंग अर्धा लिटर पाण्याला सहज पुरतो.